विंगवर उरलासुरला गडी उभा करू नका

तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या टीमबद्दल तुम्ही लिहिलंय की मधल्या चौकात चेंडू तुमचीच पोरं आधी मिळवतात, क्लिअरन्सही (घोळक्यातून चेंडू बाहेर काढणं) तुमचेच जास्त, तरी मॅच पन्नास-पन्नास गुणांनी हातची जाते. वाचून पोटात गोळा आला. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या क्लबची रिझर्व्ह टीम दोन सीझन मी निवडायचो, तिथे हेच चाललं होतं. मी कोचिंगचा कोर्स केलेला नाही, वरच्या लीगमध्ये गणित वेगळं असेल, हे धरूनच वाचा.

आमच्या विंगवर, म्हणजे मधल्या चौकाबाहेर मैदानाच्या कडेला, एक सडपातळ, पळणारा मुलगा होता. मॅचमध्ये त्याच्या हाती चेंडू जेमतेम आठ-नऊ वेळा यायचा. मी आकडे बघितले, त्याला बसवलं आणि घोळक्यात घुसणारा आणखी एक धिप्पाड गडी घेतला. त्या शनिवारी पाऊस, मैदानात चिखल. चेंडू खाली पडला की आमचे चौघंही त्यावर. एकाने तो ओढून काढला, मूठ मारून हँडबॉल दिला, तोही दोन पावलांवर उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला. त्याला तिथल्या तिथे धरलं. चेंडू सुटला, आणि पलीकडच्या मोकळ्या बाजूला त्यांचा विंगर एकटा! दोन टप्पे मारत तो सुसाट निघाला, मागे आमचं कुत्रंही नाही. एका क्वार्टरमध्ये असं चारदा झालं. आमचा तो मुलगा दर वेळी धावत मागे येऊन हीच वाट अडवायचा, पण माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता. सीझन संपल्यावर तो क्लब सोडून गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पोरांना पॅट्रिक क्रिप्स व्हायचं असतं, म्हणजे घोळक्यात घुसणारा कार्ल्टनचा धिप्पाड गडी, ते समजतं. 2024 मध्ये त्याने पंचांची विक्रमी 45 मतं घेऊन वरच्या लीगमधल्या सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलं. पण 2022 ची ग्रँड फायनल आठवा: जिलाँगने सिडनीला 81 गुणांनी हरवलं आणि त्या फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक मिळालं विंगवरच्या आयझॅक स्मिथला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

माझं मत विचाराल तर चौकात रक (पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच गडी) सोडून जे तिघं उरतात, त्यांत आत घुसणारे दोनच ठेवा. तिसरा घोळक्यापासून चार पावलं बाहेर राहून पळतापळता हँडबॉल घेणारा हवा. विंगचे दोघंही पळणारेच घ्या, आणि त्यांतला एक कायम चेंडूच्या मागे, आपल्या गोलच्या बाजूला राहू द्या. काठावरून कुणी त्याला आळशी म्हणेल, लक्ष देऊ नका. पावसात मात्र मीही आत तिसरा गडी घेईन, पण विंगवरचा काढून नाही, फॉरवर्डमधला कमी करून.

या शनिवारी कुणाला तरी काठावर वही घेऊन बसवा. घोळक्यातून निघालेला पहिला हँडबॉल किती वेळा पळत्या माणसाला मिळाला, किती वेळा उभ्याला, एवढंच लिहून घ्या. पहिल्या क्वार्टरचे आकडे इथे टाका, मग तुमच्या विंगवर कुणाला घ्यायचं ते बघू.