एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर दिसला म्हणून माझा वायफायचा बग लिनक्सच्या कर्नलवाले (गाभ्यावर काम करणारे) बघत नाहीत, हा आडमुठेपणा नाही का?

नाही. ज्या कोडचा सोर्स त्यांच्या हातात नाही, तो कर्नलच्या मेमरीत हवं तिथे लिहू शकतो. वायफायचा मेमरीतला डेटा कोणी बिघडवला हे त्यांनी सांगायचं कसं?

कर्नल 'डागाळला' का हे सांगणाऱ्या /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड या फाइलमध्ये बहुधा १२२८९ दिसेल, ही तीन आकड्यांची बेरीज: १ म्हणजे प्रोप्रायटरी (बंद सोर्सचं) मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवलेला कोडचा तुकडा, ४०९६ म्हणजे कर्नलच्या अधिकृत सोर्सबाहेरचं, ८१९२ म्हणजे डिजिटल सही नसलेलं. प्रोप्रायटरी मॉड्यूल चढलं की कर्नल लॉक डीबगिंगही बंद करतो, म्हणजे डेडलॉक (एकमेकांची वाट बघत अडकणं) शोधायचं हत्यारच गेलं.

आता माझा जुना वाद. आमच्याकडचे एक सिनिअर ठासून सांगतात, 'आरएममॉड (मॉड्यूल उतरवायची कमांड) मारा, एलएसमॉडमधून (चढलेल्यांच्या यादीतून) नाव गेलं की कर्नल स्वच्छ.' साफ चूक! मॉड्यूल उतरलं तरी त्याने आधी केलेली मोडतोड मेमरीत राहते, म्हणून आकडाही रीबूटपर्यंत हलत नाही. उतरवणं पुरत नाही, चढूच द्यायचं नाही.

ग्रबमध्ये (सुरू होताना दिसणाऱ्या बूट मेनूत) 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=एनव्हिडिया,एनव्हिडिया_मोडसेट,एनव्हिडिया_डीआरएम,एनव्हिडिया_यूव्हीएम जोडा (अर्थात रोमन लिपीत, मध्ये स्पेस नको), मग कंट्रोल-एक्स. नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर एनव्हिडियाच्या पॅकेजनेच बंद केलेला असतो, त्यामुळे डेस्कटॉप कदाचित येणार नाही. न येऊ दे, वायफायला टेक्स्ट कन्सोल आणि एनएमसीएलआय (नेटवर्क जोडायची कमांड) पुरतं. बग घडवण्याआधी आकडा ० आहे ना बघा. नंतर बघाल तर वॉर्निंगचे ५१२ किंवा ऊप्सचे (कर्नल कोलमडल्याच्या नोंदीचे) १२८ चढलेले असतील. रिपोर्टमध्ये पहिला ऊप्स द्या, 'मॉड्यूल्स लिंक्ड इन'च्या (चढलेल्या मॉड्यूल्सच्या यादीच्या) ओळीसकट. ती ओळ खोडून पाठवणारे महाभाग आहेत, आणि ते लगेच पकडले जातात.

कंपन्यांकडून पैसे भरून घेतलेल्या लिनक्सच्या सपोर्टचंही तेच. रेड हॅट तिसऱ्याचं मॉड्यूल काढून बग पुन्हा घडवून दाखवायला सांगू शकते. सुसे एंटरप्राइझवर तर असमर्थित मॉड्यूल मुळात चढतच नाही, परवानगी मुद्दाम द्यावी लागते.

आणि हो, प्रश्न फक्त लायसन्सचा नाही. व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) याचं मॉड्यूल जीपीएल या खुल्या लायसन्सचं, तरी ४०९६ लागतोच. एनव्हिडियाने २०२२ मध्ये खुली केलेली मॉड्यूल्स वापरलीत तर १ जाईल, ४०९६ राहील. ० वर बग आलाच नाही, तर मात्र एनव्हिडियाकडे जा. त्यांची बग-रिपोर्ट स्क्रिप्ट ड्रायव्हरसोबतच येते.