पायथनमध्ये इव्हेंट-ड्रिव्हन वर्कफ्लो, म्हणजे एखादी घटना घडली की पुढची कामं आपोआप सुरू होणारी रचना, बांधायचा आहे. काफ्का (इव्हेंटचा इतिहास साठवून अनेकांना वाचू देणारी यंत्रणा) घ्यावं, सेलरी (कामं पार्श्वभूमीवर वेगळ्या प्रोसेसकडून करून घेणारी लायब्ररी) घ्यावं, की असिंकआयओ (एकाच प्रोसेसमध्ये अनेक कामं आलटूनपालटून चालवणारी पायथनचीच सोय) पुरेल?

तुम्ही लिहिलंय की पेमेंट झाल्यावर बिल काढणं, साठा कमी करणं, ग्राहकाला ईमेल आणि दोन तासांनी कुरिअरला निरोप, हे सगळं जँगोच्या एकाच व्ह्यूमध्ये (वेब-विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) ओळीने चालतं आणि ईमेल सर्व्हर अडकला की ग्राहकाचं पानही अडकतं. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, आणि मेमरीत डेटा ठेवणारं रेडिसही आहे.

माझा सल्ला: या तिघांपैकी काही निवडण्याआधी पोस्टग्रेसमध्ये इव्हेंटचं एक टेबल करा. खरी गोची लायब्ररीत नसते, ती इव्हेंट नोंदवण्याच्या क्षणी असते.

समजा ऑर्डर 'पेड' झाल्याची नोंद पोस्टग्रेसमध्ये गेली आणि त्यानंतर इव्हेंट रेडिसला पाठवायचा आहे. कमिट झालं (नोंद पक्की झाली) आणि नेमकी तेव्हाच प्रोसेस मेली, तर पैसे जमा झालेत पण बिल कधीच निघणार नाही, आणि लॉगमध्येही काही सापडणार नाही. क्रम उलटा केला, तर कमिटच्या आधीच वर्कर (ही कामं करणारी वेगळी प्रोसेस) ऑर्डर शोधायला जातो आणि त्याला ती दिसत नाही. कमिट फसलं तर आणखी वाईट, न झालेल्या व्यवहाराचं बिल ग्राहकाच्या हातात पडतं. कमिट झाल्यावरच इव्हेंट पाठवणारं जँगोचं 'ऑन कमिट' ही दुसरी अडचण सोडवतं, पहिली तशीच राहते.

म्हणून ऑर्डरची नोंद आणि इव्हेंटची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही जातील. याला आउटबॉक्स म्हणतात. वर्करने त्या टेबलातून ओळी उचलताना 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरायचं. 2016 साली आलेल्या पोस्टग्रेस 9.5 पासून ही सोय आहे. एका वर्करने धरलेली ओळ दुसरा थांबून न राहता ओलांडून पुढे जातो, त्यामुळे चार वर्कर सोडले तरी ते एकमेकांच्या पायात येत नाहीत. नवी ओळ लगेच कळावी म्हणून पोस्टग्रेसचे निरोप ऐकण्याचे-देण्याचे आदेश 'लिसन' आणि 'नोटिफाय' जोडा, पण त्यांचा वापर फक्त दारावरच्या घंटीसारखा करा. ऐकणारा जोडलेला नसेल तर तो निरोप कायमचा हरवतो, शिवाय त्यात 8000 बाइटच्या आतलाच मजकूर मावतो. दर काही सेकंदांनी टेबल तपासणं चालूच ठेवा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते लोक इथेच सगळ्यात कमी वेळ देतात. काम झालं, पण 'झालं' अशी खूण करण्याआधी वर्कर पडला, तर तोच इव्हेंट पुन्हा येणार. हे कुठलाही ब्रोकर (निरोप साठवून वर्करपर्यंत पोचवणारा मध्यस्थ) घेतला तरी चुकत नाही. त्यामुळे प्रत्येक हँडलर (त्या इव्हेंटवरचं काम करणारं फंक्शन) दोनदा चालला तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. इव्हेंटचा आयडी आणि हँडलरचं नाव या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेण्याचं बंधन) ठेवा आणि ती नोंद साठा कमी करण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. दुसऱ्या वेळी नोंद नाकारली जाते आणि साठा जिथल्या तिथे राहतो. बिलाला तर हे हवंच. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव लागतो. एकाच ऑर्डरची दोन बिलं निघाली की महिनाअखेरीस हिशेबनीस तुमच्या टेबलापाशी उभा. ईमेलला मात्र ही खात्री देता येत नाही, कारण पाठवणं तुमच्या डेटाबेसबाहेर घडतं. क्वचित दोन मेल जातील, ते चालवून घ्या. कुरिअरची एपीआय आयडम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आल्याचं ओळखायची खूण) स्वीकारत असेल तर इव्हेंटचा आयडीच तिथे द्या.

कामाचा पसारा वाढला की सेलरी जरूर आणा, पण दोन गोष्टी सांभाळा. सेलरी मुळात काम सुरू करण्याआधीच पोच देतं, म्हणजे वर्कर मध्येच मेला तर काम गेलं. त्यासाठी 'टास्क अ‍ॅक्स लेट' आणि सोबत 'टास्क रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट' चालू करावं लागतं. दुसरं, रेडिस ब्रोकर असेल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट (पोच न आलेलं काम पुन्हा दुसऱ्याला देण्याआधीची मुदत) मुळात एक तासाचा असतो. तुमचा दोन तासांनंतरचा कुरिअरचा निरोप 'काउंटडाउन' देऊन ठेवलात, तर तासाभराने तोच निरोप दुसऱ्या वर्करकडेही जाईल. त्यापेक्षा इव्हेंटच्या टेबलात 'कधी चालवायचं' असा कॉलम ठेवा आणि वेळ झालेल्याच ओळी उचला.

असिंकआयओ एका प्रोसेसच्या आत छान चालतं, पण प्रोसेस गेली की त्यातली कामंही जातात. शिवाय 'क्रिएट टास्क'ने मिळालेला टास्क व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. इव्हेंट लूप त्याचा फक्त कमकुवत संदर्भ ठेवतो, त्यामुळे तो अर्ध्यात गार्बेज कलेक्ट होऊ शकतो, म्हणजे पायथन तो मेमरीतून काढून टाकू शकतं. पायथन 3.11 पासूनचा 'टास्कग्रुप' ही काळजी स्वतः घेतो.

काफ्का तुम्हाला सध्या नको. वेगवेगळ्या टीमना तोच इतिहास आपापल्या गतीने, पुन्हा पहिल्यापासून वाचायचा असेल तेव्हा ते लागतं.

हे बांधून झालं की हँडलर चालू असताना वर्करला थेट 'किल मायनस नाइन' (प्रोसेस तिथल्या तिथे मारणारा आदेश) द्या, वर्कर पुन्हा सुरू करा आणि बिलं मोजा. पुढे प्रॉडक्शनमध्ये वेळ होऊनही न उचललेल्या सगळ्यात जुन्या ओळीला किती वेळ झाला, एवढ्या एका आकड्यावर अलर्ट लावा.