चाळीस मिनिटांचं काम, आठ दिवसांचा मुक्काम

प्रश्न : मी २७ वर्षांचा, मेकॅनिकलचा पदवीधर. सातपूर एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, चार वर्षं पीपीसी (उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण) बघतो. आमच्या एका ब्रॅकेटचं मशिनवरचं काम जेमतेम ४० मिनिटांचं, पण पत्रा आत आल्यापासून माल डिस्पॅचला जाईपर्यंत आठ-आठ दिवस जातात. कस्टमरचा फोन आला की मी नुसता पळापळ करतो. हे मुळापासून शिकावं म्हणून ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये रिसर्चची मास्टर्स करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात एमबीए कर, काका म्हणतात एम.फिल. कर. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काकांचं आधी सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं. कोणी प्रवेश देतो म्हणालं तरी पैसे भरू नका. एमबीए वाईट नाही. पवईची नीटी, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, ऑपरेशन्ससाठीच नावाजलेली आहे. पण तिथे फायनान्सपासून मार्केटिंगपर्यंत सगळंच शिकावं लागतं, आणि तुम्हाला तर एकच प्रश्न छळतोय. अशा माणसासाठी रिसर्चची मास्टर्स. आयआयटी मद्रासची एमएस बाय रिसर्च त्या जातीची : मोजके विषय, मग गाईडच्या हाताखाली एकच प्रबंध. गेट या प्रवेश परीक्षेची तयारी मात्र आत्तापासून ठेवा, आणि प्रोबॅबिलिटी पुन्हा पक्की करा.

तुमच्या पत्रातला ‘आठ दिवस’ वाचून मी कागद-पेन घेतलं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे : आत पडलेले नग म्हणजे रोज बाहेर जाणारे नग गुणिले एका नगाचा मुक्काम. समजा रोज ३०० ब्रॅकेट जातात. मग तुमच्या शेडमध्ये सरासरी २४०० पडून असणार. मशिनवर त्यातले मूठभर, बाकीचे बिनमध्ये (माल ठेवायच्या डब्यांत), ट्रॉलीवर, क्यूसीच्या, म्हणजे तपासणीच्या, टेबलाखाली. का? डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायला वेळ जातो म्हणून तो बसवणारा सेटर एकदमच मोठा लॉट मारून घेतो, आणि तो लॉट वेल्डिंगच्या दारात तुंबतो. लॉट किती मोठा असावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडलं. त्यात सेटिंगचा आणि माल साठवण्याचा खर्च धरलाय, पण पुढच्या मशिनपुढे लागणारी रांग धरलेली नाही. तुमचा प्रबंध मला तिथे दिसतो.

माझा प्रबंध लासलगावच्या कांदा मार्केटातल्या ट्रॅक्टरांच्या रांगेवर होता. डिसेंबर, लाल कांद्याचा हंगाम. पहाटेच गेटवर वही घेऊन उभी राहायचे. ट्रॅक्टर आला, वेळ लिही. लिलाव झाला, वेळ लिही. काट्यावर चढला, वेळ लिही. बोटं इतकी गारठायची की प्रत्येक आकडा सातासारखा दिसायचा. तीन आठवड्यांनी सरासऱ्या काढून सरांकडे गेले. त्यांनी वही परत दिली नि म्हणाले, “सरासरीनं रांग लागत नाही, चढउतारानं लागते.” खरंच होतं ते. सकाळी तासभर ट्रॅक्टरांची झुंबड, आणि नंतर काटा मोकळा. पुन्हा जाऊन उभी राहिले, या वेळी दोन ट्रॅक्टरांमधलं अंतर टिपायला. ते दिवस मला अजून प्रिय आहेत.

लासलगावला मी पोचले, तेही एक दार बंद झालं म्हणून. आधी एका कारखान्यात चार महिने आकडे गोळा केले होते. मालकांनी परवानगी तोंडी दिली होती, तोंडीच काढून घेतली. सगळे कागद बाजूला ठेवावे लागले, आणि त्या रात्री मी रडले. म्हणून कळकळीनं सांगते, तुमच्या साहेबांकडून लेखी घ्या : कोणते आकडे, किती महिने, प्रबंधात कंपनीचं नाव येणार की नाही. ते पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

गाईड निवडताना कॉलेजच्या नावाआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध वाचा. कारखान्यात उभं राहून केलेलं काम त्यात दिसलं, तर त्यांना पत्र लिहा. ‘मला संशोधनाची आवड आहे’ अशी सुरुवात करू नका. उद्या फर्स्ट शिफ्टला वेल्डिंगपुढचे बिन मोजा, पंधरा दिवस रोज त्याच वेळी मोजा, आणि ते पंधरा आकडे पत्राच्या पहिल्या ओळीत घाला.