साडेचार लाखांचे स्पीकर सव्वा लाखाच्या स्पीकरपेक्षा खरंच चौपट चांगले वाजतात का?

हॉल 12 बाय 14 फुटांचा, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, आणि सव्वा लाखाचे बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) की साडेचार लाखांचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) असा तुमचा पेच आहे. बुकशेल्फ घ्या. मी नाशिकच्या इंदिरानगरात राहतो, माझाही हॉल तेवढाच आणि मी आधी टॉवरच्याच मागे लागलो होतो.

मुंबईच्या शोरूममध्ये ऐकून पार भारावलो. तीच जोडी चार दिवस घरी आणली, हौसेने आपल्या नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, तर शोकेसमधले कप खडखडायला लागले आणि ढोलाची थाप कुठे संपते तेच कळेना. हिशेब साधा आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 14 फूट, म्हणजे सव्वाचार मीटरवर समोरासमोर भिंती असल्या की 40 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे अगदी खालचा घुमणारा आवाज (बेस) त्यांच्यामध्ये फुगतो. छोटा बुकशेल्फ तिथवर जोर लावून उतरतच नाही. टॉवर उतरतो. म्हणजे ज्या बेससाठी जादा पैसे मोजायचे, त्याचीच तुमचा हॉल माती करतो.

बरं, तुम्हाला तेवढं खाली जायचंय कशाला? काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या जवळ असतो. बीबीसीने 1970च्या दशकात आउटडोअर प्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून एलएस3/5ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर बनवला. गळ्याच्या आवाजासाठी लोक आजही तो शोधत फिरतात.

टॉवर वाईट असतात असं नाही. मोठ्या आवाजातही ते घुसमटत नाहीत, आणि बंगल्यातला 20 बाय 30चा हॉल असता तर मी उलटा सल्ला दिला असता. पण किमतीतला बराच वाटा मोठ्या कॅबिनेटचा आणि लाकडी फिनिशचाही असतो, तो कानाला ऐकू येत नाही.

एक मात्र तपासा: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. 83 डेसिबलच्या स्पीकरला 89च्या इतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात, तेव्हा अँप्लिफायरचा खर्च आधीच धरा.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज फोनवरच्या मीटरने सारखा करून घ्या. एखाद-दुसरा डेसिबल जास्त असला तरी कानाला तीच जोडी ‘खुललेली’ वाटते. गाणं तुमच्या पाठातलं न्या, दुकानदाराची चकचकीत डेमो रेकॉर्डिंग नकोत.

जुनी जोडी मिळत असेल तर अवश्य बघा, फक्त वूफरची, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या कोनाची कड रबराची आहे ना ते पाहा. फोमची कड काही वर्षांनी भुगा होऊन गळते.

आणि हॉलमध्ये नुसती व्हिट्रिफाइड फरशी असेल तर स्पीकरच्या आधी जाड सतरंजी आणि पडदे आणा. माझ्याकडे स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा महागड्या केबलने पडला नव्हता. घरच्यांनी मात्र अजून ते दोन फूट मान्य केलेले नाहीत.