प्रश्न तुमचे : मुरूम, चिखल आणि १२८चा ठेका

सायक्लोक्रॉस (चिखल-अडथळ्यांतून आखलेल्या फेऱ्यांची सायकल शर्यत) आणि इलेक्ट्रॉनिक संगीत असा दुहेरी नाद असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ग्रॅव्हल (खडीच्या वाटांसाठीच्या) सायकलला ३३ मिमीचे ट्यूबलेस टायर लावून हौशी सायक्लोक्रॉस सुरू केलंय. युरोपातल्यासारखा सप्टेंबर ते फेब्रुवारी असाच सीझन पुण्यात धरावा का? माझं वजन ६५ किलो आहे, तर हवा किती ठेवू? (कोथरूड)

उत्तर : महिने तेच धरा, पण जमीन उलटी आहे हे विसरू नका. बेल्जियममध्ये डिसेंबर म्हणजे चिखल. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे टणक मुरूम आणि त्यावर सुटी खडी. आपला चिखल जुलै-ऑगस्टमध्ये येऊन जातो. त्यामुळे सायकल खांद्यावर टाकून धावणं, घसरड्या चढावर बसूनच पेडल मारणं हे पावसाळ्यात घोटून घ्या. ऑक्टोबरपासून वळणं आणि वेग. वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या ओल्या पायवाटांवर मात्र जाऊ नका. चाकाने पडलेल्या चरीतून पाणी वाहतं आणि वाट धुऊन जाते. परवानगी घेऊन एखादं मोकळं मैदान मिळवा. आंतरराष्ट्रीय नियमात फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते; चार मित्रांना सव्वा किलोमीटर पुरते. उडी मारायच्या फळ्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४० सेंमी उंच, दोघींत किमान ४ मीटर अंतर. पहिले दोन आठवडे २० सेंमीच्या ठेवा, नाहीतर नडगी सोलून निघते.

आता हवा. कोरड्या मुरमावर पुढे २५, मागे २७ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). चिखलात पुढे २१, मागे २३. ट्यूब वापरत असाल तर प्रत्येकी ६-७ वाढवा. नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ‘फेरीत एकदा रिम टेकली की हवा बरोबर’ असं तिकडे म्हणतात, ते गवताळ मैदानासाठी ठीक आहे. आपल्या काळ्या दगडाच्या धारेवर रिम टेकली की पोचाच येतो.

मोजायचं कशावर, हाही प्रश्नच. १६० पीएसआयपर्यंतच्या पंपाच्या डायलवर २३ आणि २६ यांच्यातला फरक काट्याच्या जाडीएवढा दिसतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. शिवाय पहाटे १२ अंशांत भरलेली हवा दुपारी ३० अंशांत दोन-अडीच पीएसआयने वाढते. शर्यत उशिरा असेल तर सुरुवातीच्या रेषेजवळ पुन्हा मोजा. सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरमध्ये ५० मिली. आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत सुकतं. चाक काढून कानाशी हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर भरा.

३३ मिमीची मर्यादा यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) शर्यतींपुरती आहे. मित्रांमित्रांत कोण मोजतंय? फ्रेममध्ये जागा असेल तर कोरड्यात खुशाल ३८ लावा.

प्रश्न : काळ्या मातीत पाच मिनिटांत चाकच फिरेनासं होतं. (मांजरी)

उत्तर : होणारच. काळी माती टायरला थरावर थर चिकटते आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत लाडूसारखी बसते. चाक अडायच्या आधीच उतरा आणि सायकल खांद्यावर घ्या. जोर लावत राहिलात तर डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर वाकतो किंवा तुटतो. सुरुवातीआधी फोर्कच्या आतल्या बाजूला आणि डाउनट्यूबखाली (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीखाली) स्वयंपाकाच्या तेलाचा पातळ हात फिरवा, मातीचे गोळे आपोआप गळतात. ब्रेकच्या डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये. नंतर धुताना दुचाकी वॉशिंग सेंटरचा प्रेशर हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाच्या जागी) मारू देऊ नका. सीलमधून पाणी आत जातं आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग कुरकुरतं. बादली, मऊ ब्रश, साबण. बस्स.

प्रश्न : ट्रेनरवर (घरात सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) सराव करताना टेक्नो आणि ड्रम अँड बेस ऐकतो. ठेक्याचा सरावासाठी नेमका उपयोग करता येईल का? (औंध)

उत्तर : येईल, आणि त्यासाठी ॲप लागत नाही, गुणाकार लागतो.

१२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) ट्रॅकमध्ये १६ बार, बारात चार ठोके, म्हणजे ६४ ठोके, म्हणजे बरोबर ३० सेकंद. या संगीतात बदल बहुधा ८, १६ किंवा ३२ बारांवरच होतात : हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) येते, किक (ड्रमचा जड ठोका) जाते, बेस परत येतो. त्यामुळे ३० सेकंद जोर, ३० सेकंद सैल हा सराव घड्याळाकडे न बघता करता येतो. अशा १० जोड्यांचा एक संच, मध्ये ५ मिनिटं विश्रांती, मग दुसरा संच. ट्रॅक १२६चा असेल तर डीजे सॉफ्टवेअरमध्ये १२८वर ओढा आणि की-लॉक चालू ठेवा, म्हणजे पट्टी चढत नाही.

दुसरा उपयोग पायांचा. प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली, या हिशोबाने १७४च्या ड्रम अँड बेसवर कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ८७ पडतो. टणक जमिनीवर हा छान. १२८वर तोच हिशोब ६४ देतो, म्हणजे चिखलात जड गिअर ओढताना पडतो साधारण तेवढा. एकाच सत्रात दोन्ही आलटून पालटून वापरा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, पण तो उशीर कायम तेवढाच असल्याने पायांना फरक पडत नाही. त्यावर ट्रॅक बनवायला बसलात तर मात्र पडतो. तिथे वायरच हवी. रस्त्यावर कानात काही नको.

प्रश्न : सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. ट्रेनर सुरू केला की खालचे काका म्हणतात, घरात गिरणी चालू आहे का? (नाव नको)

उत्तर : काकांचं बरोबर आहे. घरघर हवेतून नाही, ट्रेनरच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरते, म्हणून योगा मॅटने काही होत नाही. जिममधल्या जाड रबरी लाद्या ४० मिमीपर्यंत रचा, त्यावर १८ मिमी प्लायवूड, वर ट्रेनर. खोलीच्या मधोमध नको; भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, तिथे स्लॅब कमी थरथरतो. टायरवर रोलर घासणारा ट्रेनर असेल तर गोट्यांचा टायर काढून गुळगुळीत लावा, अर्धी गिरणी तिथेच बंद होते. सबवूफरचा मार्गही तोच, त्यामुळे बेस हेडफोनमध्येच ऐका.

प्रश्न : शनिवारी रात्री मुंढव्यात गिग (संगीताचा कार्यक्रम), रविवारी सकाळी ७ला शर्यत. जमेल? (खराडी)

उत्तर : मन लावून दोन्ही होणार नाही. जायचंच असेल तर शुक्रवारी झोप भरून घ्या, दारू टाळा आणि स्पीकरसमोरून हला. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा जेमतेम १५ मिनिटांची. १५-२० डेसिबल कमी करणारे संगीतासाठीचे इअरप्लग खिशात ठेवा. फोमचे चालतील, पण त्यांत हाय-हॅट मरते आणि नुसता बेस उरतो. सायकल, नंबर, भरलेल्या बाटल्या शनिवारी दुपारीच गाडीत टाका. हवा मात्र सकाळीच मोजा.