फर्ग्युसन सोडून मँचेस्टर युनायटेडचा सर्वांत चांगला मॅनेजर कोण, जिंकण्याच्या टक्केवारीनुसार?

किमान 50 मॅच सांभाळलेल्यांत मोरिन्हो. 144 मॅच, 84 विजय, 58.33 टक्के. फर्ग्युसन 1500 मॅच, 895 विजय, 59.67. म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी अंतर. तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर इथेच थांबा.

मी थांबत नाही, कारण 'टक्केवारीनुसार' हा शब्द वाचला की मला आमचे दाजी आठवतात.

22 एप्रिल 2014. फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मोयेसला काढलं त्या रात्री आम्ही ताईकडे होतो. मी म्हटलं, सहा वर्षांचा करार देता आणि दहा महिन्यांत हाकलता, हे काही बरोबर नाही. 51 पैकी 27 जिंकल्यात माणसाने, निम्म्याहून जास्त. यावर दाजी हसले. नुसते हसले असते तर चाललं असतं, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, आकड्यांवरून फुटबॉल कळत नसतो. मॅच बघत जा जरा. फुलहॅमसारख्या टीमसमोर घरच्या मैदानावर 81 क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर फेकलेले बॉल, मारून 2-2 बरोबरी करणाऱ्याला तू टक्केवारी लावतोस?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने डोळे वटारले. जावयाशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर दाजींचं बरोबर होतं, मोयेसची टीम बघवत नव्हती.

मग आला डिसेंबर 2018. मोरिन्होची हकालपट्टी. दाजी मोरिन्होचे भक्त, इतके की पोर्तुगालच्या पोर्तो क्लबपासूनचा त्याचा इतिहास तोंडपाठ. त्या आठवड्यात ते घरी आले ते लॅपटॉप घेऊनच. महायुद्धानंतरच्या युनायटेडच्या सगळ्या मॅनेजरांचं एक्सेल शीट बनवलं होतं, टक्केवारीने उतरत्या क्रमाने लावलेलं. वरच्या ओळी हिरव्या, खाली पिवळ्या, तळाला लाल. गिग्जसारखे चार मॅचचे पाहुणे मध्ये येऊ नयेत म्हणून किमान 50 मॅचची अट. पहिला फर्ग्युसन, दुसरा मोरिन्हो. "बघ. हिशोब म्हणजे हिशोब."

चार वर्षांपूर्वी हेच गृहस्थ मला मॅच बघायला सांगत होते.

मी काही बोललो नाही, फक्त बोटाने तिसऱ्या ओळीवर टिचकी मारली. डेव्हिड मोयेस, 52.94. हिरव्यात! 50 ची अट आणि याच्या मॅच 51, एका मॅचने आत आलेला. त्याच्याखाली मोरिन्होच्या आधीचा व्हॅन गाल, 52.43. आणि त्याच्याखाली, पिवळ्या पट्ट्यात, सर मॅट बस्बी. अकराशेहून जास्त मॅच, टक्केवारी पन्नासच्या किंचित वर. पाच लीग विजेतेपदं, 1968 चा युरोपियन कप, म्युनिकच्या विमान अपघातात आठ खेळाडू गेल्यावर, स्वतः मरणाच्या दारातून परत येऊन, दहा वर्षांत पुन्हा उभी केलेली टीम. आणि शीट म्हणतंय की मोयेस याच्यापेक्षा सरस.

मी विचारलं, "दाजी, हे तुम्हाला पटतं?"

"तो जुना काळ," म्हणाले.

अहो, तेच तर! बस्बीच्या काळात जिंकल्यावर दोन गुण मिळायचे, तीन नाही. इंग्लंडमध्ये तीन गुण 1981 पासून आले. म्हणजे बरोबरी ही अर्धा विजय होती, आणि बाहेरच्या मैदानावर जाऊन एक गुण आणणं ही चांगली कामगिरी समजली जायची. टक्केवारीच्या रकान्यात त्या बरोबरीची किंमत शून्य, हरल्याइतकीच. त्यात 1945 मध्ये बस्बी आला तेव्हा युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर बाँब पडून गेलेले. 'घरच्या' मॅच 1949 पर्यंत मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळल्या. हे कुठल्या रकान्यात टाकणार?

आणि बरोबरीवरून आठवलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. पेनल्टी शूटआउटने निकाल लागलेली मॅच नोंदीत बरोबरी म्हणून जाते. त्यामुळे 2008 ची चेल्सीविरुद्धची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल, त्यांचा टेरी घसरला, व्हॅन डर सारने अनेल्काची पेनल्टी अडवली, कप आपल्या हातात, ती फर्ग्युसनच्या खात्यात विजय म्हणून नाहीच! 338 बरोबऱ्यांतली एक. उलट मोयेसचे ते 27 विजय उघडून बघा. एक कम्युनिटी शील्ड, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीची एका मॅचची स्पर्धा, विगनविरुद्ध. आणि एक जानेवारी 2014 ची लीग कप सेमीफायनल, संडरलँडविरुद्ध दुसरा लेग, म्हणजे दोन मॅचच्या लढतीतली दुसरी मॅच. मॅच 2-1 जिंकली, पण दोन्ही लेग मिळून बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये बाहेर. तो विजय! युरोपचा कप जिंकलेली रात्र बरोबरी, आणि संडरलँडकडून घरच्या मैदानावर स्पर्धेबाहेर पडलेली रात्र विजय. नुसती लीग धरली तर मोयेसच्या 34 पैकी 17, बरोब्बर निम्म्या, बाकी वरचे टक्के कप स्पर्धांमधून आलेले.

मी हे सगळं दाजींना तेव्हाच्या तेव्हा सांगितलं. आईने डोळे वटारले, पण या वेळी मी तिकडे बघितलंच नाही.

दाजींचं पुढचं म्हणणं, ठीक आहे, बस्बी सोड, पण मोरिन्होला वेळ दिला असता तर? यावर माझं मत कडवट आहे. मोरिन्होला अडीच वर्षं मिळाली, पैसाही मिळाला. फर्ग्युसनच्या पहिल्या साडेतीन वर्षांत लीगमधले नंबर बघा: 11, 2, 11, 13. सप्टेंबर 1989 मध्ये सिटीकडून 5-1 मार खाल्ला, स्टँडमध्ये 'आता निघा' असे फलक लागले. त्या डिसेंबरात एक्सेल शीट काढलं असतं तर फर्ग्युसन घरी गेला असता, आणि तो निर्णय हिशोबाने चुकीचाही दिसला नसता. पुढच्या मेमध्ये एफए कप मिळाला, तोही रिप्लेमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळलेल्या फायनलमध्ये, ली मार्टिनच्या एका गोलवर. लीग आणखी तीन वर्षांनी, 1993 ला.

तर तुम्हाला सल्ला: कुणी टक्केवारी दाखवली की आधी अट विचारा. 50 मॅचच का? 100 का नाही? 100 केली तर मोयेस उडतो आणि शीट लगेच सभ्य दिसायला लागतं. अट काढून टाकली तर 2021 मधला तात्पुरता मॅनेजर कॅरिक, तीन मॅच दोन विजय, फर्ग्युसनच्या डोक्यावर बसतो. आणि दाखवणाऱ्याने चार वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं तेही जमल्यास विचारा.

आता थोडं न्यायाने. टक्केवारी अगदीच टाकाऊ नाही. एकाच काळातले, साधारण सारख्या पैशातले दोन मॅनेजर असतील तर काहीतरी कळतं. त्याच्यानंतर हंगाम संपेपर्यंत आलेल्या रांगनिकच्या 29 पैकी 11 विजय बघून कुणाला वेगळा पुरावा नको. पण मोरिन्होच्या जागी आलेला सोल्शायर 168 पैकी 91 जिंकून, म्हणजे 54.17 वर, व्हॅन गालच्या वर आहे. व्हॅन गालकडे एफए कप आहे, सोल्शायरकडे काहीच नाही. आणि मोरिन्हो वाईट नव्हता, हे मी दाजींसमोर कधी म्हणणार नाही. 2017 मध्ये युरोपा लीग आणि लीग कप, पुढच्या वर्षी 81 गुणांसह दुसरा नंबर. मलाच विचाराल तर फर्ग्युसननंतर बस्बी, मग बराच वेळ कुणी नाही, मग मोरिन्हो. हे मी युनायटेडचा भक्त म्हणून सांगतोय, मोजून नाही.

2021 मध्ये सोल्शायर गेला तेव्हा दाजींनी फॅमिली ग्रुपवर नवीन शीट टाकलं. अट आता 100 मॅचची. मोरिन्हो दुसरा, मोयेस गायब, आणि बस्बीची ओळही नाही. फोन करून विचारलं तर म्हणाले, "त्यांचं वेगळं शीट करणार आहे."

अजून आलेलं नाही.