जपानी तरुणांना प्रेमात, लग्नात रसच उरलेला नाही, हे खरं आहे का?

नाही, निदान परदेशी बातम्या सांगतात तसं तरी नाही. २०१३ साली ब्रिटनमधल्या 'गार्डियन'ने जपानी तरुणांनी शरीरसंबंधच सोडले, अशा थाटाचा लेख छापला आणि तीच गोष्ट जगभर फिरली.

आता जपानचं सरकारी सर्वेक्षण बघा. २०१५ मध्ये १८ ते ३४ वयाच्या अविवाहितांपैकी सुमारे ७० टक्के पुरुषांना आणि ५९ टक्के स्त्रियांना जोडीदार नव्हता. मथळे या आकड्यांवरच थांबतात. पण त्याच सर्वेक्षणात जवळपास ८६ टक्के पुरुष आणि ८९ टक्के स्त्रिया म्हणाल्या, कधीतरी लग्न करायचंय! पंचविशीपुढच्यांनी लग्न न होण्याचं सगळ्यात जास्त दिलेलं कारण होतं, 'योग्य माणूस भेटला नाही'. हे तर आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतं.

'सोशोकुकेई दान्शी', म्हणजे 'शाकाहारी पुरुष', या शब्दाचंही तेच झालं. २००६ मध्ये माकी फुकासावा या लेखिकेने तो बायकांच्या मागे न लागणाऱ्या, सौम्य पुरुषांसाठी वापरला, त्यात हेटाळणी नव्हती. पुढे त्याचा अर्थ 'नामर्द' असा करून टाकला. मला याचा फार राग येतो. अस्थिर नोकरी, तुटपुंजा पगार, उशिरापर्यंतचं काम यांबद्दल लिहायचं सोडून अख्ख्या समाजाला विचित्र ठरवलं जातं.